दांडिया बाजारातील कापडी पोस्टर आणि आखाताचे मातकट पाणी

बडोद्यात राहून एखाद्या शास्त्रीय परिषदेसाठी कापडावर पोस्टर छापून घ्यायचे असेल, तर दांडिया बाजारातील या दुकानाला मी पाचापैकी चार गुण देईन. कापलेल्या एका गुणापैकी अर्धा वायदा न पाळल्याबद्दल आहे आणि अर्धा कापड पातळ निघाल्याबद्दल. दुकानाचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आल्या आहेत आणि त्या एकाच कामाच्या अनुभवावर आधारलेल्या आहेत. तेवढ्यावरून कोणाच्या पाटीला डाग लावणे मला योग्य वाटत नाही.

मी येथे प्राणिशास्त्रात पीएच.डी. करते आहे. कच्छच्या आखातातील हम्पबॅक डॉल्फिन हा माझा विषय आहे. मराठीत त्याला वशिंडाचा डॉल्फिन म्हणावे असे मला फार दिवसांपासून वाटते, कारण त्याच्या पाठीवरचा उंचवटा पाहिला की आपल्याला बैलच आठवतो. सोसायटी फॉर मरीन मॅमॉलॉजी ही संस्था समुद्री सस्तन प्राण्यांवर काम करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद साधारणपणे दर दोन वर्षांनी भरवते, आणि २०२४ च्या नोव्हेंबरातील पंचविसावी परिषद पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात होती. माझा निबंध पोस्टर म्हणून स्वीकारला गेला होता. अशा परिषदेत मोजक्यांना व्यासपीठ मिळते आणि बाकीचे आपापल्या फळ्याशेजारी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतात. त्यामुळे चार वर्षांचे काम जगासमोर कसे दिसणार, हे अखेर छपाई करणाऱ्याच्या हातात जाते. हा मजकूर त्या छपाईविषयी आहे.

कापडच का, हे आधी सांगायला हवे. यापूर्वी देशातल्या एका परिषदेला मी फ्लेक्सचे पोस्टर नेले होते. फ्लेक्स स्वस्त असतो, गल्लोगल्ली छापून मिळतो आणि पाण्याला घाबरत नाही; पण त्याची घडी घालता येत नाही, गुंडाळी करावी लागते. परिषदेच्या पोस्टरच्या ए झीरो आकाराची रुंदी ८४१ मिलिमीटर आणि उंची ११८९ मिलिमीटर असते, म्हणजे अरुंद बाजूने गुंडाळले तरी नळी जवळजवळ तीन फूट लांब होते. रेल्वेत ती वरच्या बाकावर ठेवली की रात्री कोणाच्या तरी डोक्यावर येते, आणि विमानात हातातले सामान म्हणून ती चालेल की नाही, हे दारातल्या माणसाच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर ठरते. शिवाय फ्लेक्स दोन दिवस गुंडाळून ठेवला की फळ्यावर लावल्यावरही कडा आत वळवून बसतो आणि त्याचा वास काही केल्या जात नाही. कापडाची मात्र उपरण्यासारखी घडी होते आणि ती लॅपटॉपच्या कप्प्यात बसते. पर्थला मुंबईहून सिंगापूरमार्गे जायचे होते, त्यामुळे माझा निर्णय लवकर झाला.

दुकान लहान आहे. पुढच्या खोलीत संगणक आणि गिऱ्हाइकांसाठी दोन स्टुले आहेत, मागच्या खोलीत छपाईचे आणि उष्णतेचे यंत्र आहे. मालक मराठी, साठीच्या आसपासचे; सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागले. संगणकावर बसणारा मुलगा गुजराती आहे आणि काका त्याच्याशी गुजरातीत, माझ्याशी मराठीत आणि यंत्राशी हिंदीत बोलत होते, हे बडोद्याला शोभेलसेच आहे. काकांचे वडील हाताने पाट्या रंगवायचे. गणपतीचे मंडप, नाटकांचे फलक आणि दुकानांची नावे ब्रशने लिहिणाऱ्या त्या पिढीनंतर काका कागदावर, मग फ्लेक्सवर आणि आता कापडावर आले आहेत. त्यांच्याकडे ललित कला शाखेची मुले बरीच येतात, गरब्याच्या मंडळांचे लोक त्याहून अधिक येतात, आणि शास्त्र शाखेचे क्वचित. याचा परिणाम माझ्या कामावर कसा झाला, ते पुढे येईलच.

छपाईची पद्धत समजून घेतली तर गिऱ्हाईक म्हणून आपल्या बऱ्याच शंका मिटतात. शाळेत कापराचे उदाहरण देऊन जे संप्लवन शिकवतात, तेच येथे कामाला लागते. विशिष्ट रंगांनी चित्र आधी एका कागदावर उलटे, म्हणजे आरशात दिसते तसे, छापले जाते. मग तो कागद पॉलिएस्टरच्या पांढऱ्या कापडावर ठेवून सुमारे २०० अंश सेल्सियस तापमानाखाली दाबतात. उष्णतेने रंगाची थेट वाफ होते, ती पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते आणि धागा थंड झाला की आतच अडकून राहते. रंग कापडाच्या वर थर होऊन बसत नसल्याने घडी घातल्यावर तो तडकत नाही. याच कारणाने सुती कापडावर ही छपाई नीट होत नाही, आणि यात पांढरा रंग असा नसतोच. चित्रात जे पांढरे दिसते ते कापडाचे स्वतःचे. काकांनी हे सगळे मला संथपणे समजावून सांगितले. कागदावर उतरलेले माझे पोस्टर पाहून मी हबकले होते, कारण रंग इतके फिके आणि मळकट होते की जुनी पत्रिका वाटावी. काका म्हणाले, "ताई, हे कच्चं आहे. तव्यावर पडल्याशिवाय पोळीला रंग येत नाही." आणि खरोखरच, यंत्रातून बाहेर आलेल्या कापडावर तेच रंग फुलून आले होते.

पण त्या आधी एक प्रसंग घडला आणि हा सगळा लेख मी त्यासाठीच लिहायला घेतला आहे.

पहिला नमुना काकांनी वहीच्या पानाएवढ्या कापडावर काढून दाखवला. पोस्टरच्या मध्यभागी माझे एक छायाचित्र होते, ज्यात एक प्रौढ डॉल्फिन पाण्याबाहेर पाठ काढून श्वास घेतो आहे. नमुन्यात त्याच्याभोवतीचे पाणी गर्द निळे, स्वच्छ, दिनदर्शिकेवर असते तसे झाले होते. मी मूळ चित्र काढून दाखवले. त्यात पाणी मातकट, राखाडीकडे झुकणारे आहे. संगणकावरच्या मुलाने कोणी न सांगता रंग "सुधारले" होते, आणि त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. समुद्राचे चित्र आले आणि समुद्र निळा नाही, म्हणजे छायाचित्र बिघडले आहे, असे त्याने प्रामाणिकपणे धरले. काकांनीही त्याचीच बाजू घेतली. "ताई, परदेशात जाणार आहे ना हे? असं गढूळ पाणी छापलं तर लोक म्हणतील, बडोद्याच्या माणसाला छापता येत नाही."

कच्छच्या आखाताचे पाणी तसेच असते. भरती-ओहोटीचे अंतर तेथे मोठे आहे, आखाताच्या आतल्या टोकाकडे ते सात मीटरच्या आसपास जाते, आणि दिवसातून दोनदा एवढे पाणी आत-बाहेर होताना तळाचा गाळ सतत ढवळला जातो. वशिंडाचा डॉल्फिन याच उथळ, गढूळ, तिवरांच्या कडेच्या पाण्यात राहणारा आहे. किनाऱ्यापासून फार दूर किंवा खोल पाण्यात तो सहसा जात नाही, आणि म्हणूनच जेटी, जहाजे, जाळी आणि सांडपाणी यांच्याशी त्याची रोज गाठ पडते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो धोक्यात आलेल्या प्रजातींत आहे. डोळ्यांना जेथे हातभर अंतरावरचे दिसत नाही तेथे तो आवाजाच्या प्रतिध्वनीवर मासे शोधतो. माझे निम्मे काम त्या आवाजांवरच आहे. पाणी निळे केले की तो असा का जगतो, हा प्रश्नच चित्रातून पुसला जातो.

याहून गंभीर गोष्ट प्राण्याच्या रंगाची होती. पाणी निळे करण्यासाठी मुलाने चित्राचा एकूण तोल हलवला होता आणि त्यात डॉल्फिनच्या राखाडी कातडीवर गुलाबी झाक आली होती. सामान्य डोळ्याला ती सुंदरच वाटली असती, पण येथे तिने प्रजातीच बदलली. हम्पबॅक डॉल्फिनच्या आज चार प्रजाती मानल्या जातात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर असणारी, दक्षिण आफ्रिकेपासून भारतापर्यंत पसरलेली प्रजाती म्हणजे सूसा प्लम्बिया. प्लम्बिया म्हणजे लॅटिनमध्ये शिशासारखी, शिशाच्या रंगाची. प्रौढपणी गुलाबी-पांढरी होणारी प्रजाती वेगळी आहे, सूसा चायनेन्सिस; ती बंगालच्या उपसागरापासून पूर्वेकडे आग्नेय आशियात आणि चीनच्या किनाऱ्यावर आढळते, आणि तिला असे ठळक वशिंड नसते. तिसरी पश्चिम आफ्रिकेची. चौथी, सूसा साहुलेन्सिस, ही उत्तर ऑस्ट्रेलियाची असून तिला स्वतंत्र नाव २०१४ सालीच मिळाले आहे. म्हणजे ज्या देशात मी हे पोस्टर लावणार होते, तेथेच या प्राण्याच्या जवळच्या नातलगाचा अभ्यास करणारे लोक चार हात अंतरावर उभे राहून ते पाहणार होते. त्यांच्यासमोर पाठीवर वशिंड आणि अंगावर गुलाबी झाक असलेला डॉल्फिन टांगणे म्हणजे गीर गाईच्या फोटोखाली जर्सी लिहिण्यासारखे झाले असते.

हे सगळे मी काकांना सांगितले, थोडे चिडूनच सांगितले असावे. काकांनी स्टूल ओढून घेतले आणि माझ्या संगणकावर दोन्ही प्रजातींची छायाचित्रे शेजारी-शेजारी ठेवून बराच वेळ पाहिली. मग त्यांनी विचारले, "म्हणजे हा आपला आणि तो त्यांचा?" मी हो म्हटले. त्यानंतर त्यांना कमाटीबागेतल्या संग्रहालयाची आठवण झाली. तेथे १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सत्तर फुटांच्या घरातला सांगाडा ठेवलेला आहे, आणि बडोद्यात वाढलेल्या प्रत्येक मुलाप्रमाणे काकांनीही लहानपणी त्याच्या फासळ्या मोजल्या होत्या. ते म्हणाले, की एवढा मोठा मासा आला कुठून, हे तेव्हा कोणी सांगितले नाही. तो मासा नव्हे, हे मी सांगितले नाही. रंगाचा वाद मिटणे मला जास्त महत्त्वाचे होते.

तेथून पुढचे काम मात्र मी आजवर पाहिलेल्या कोणत्याही छपाईपेक्षा काटेकोर झाले. काकांनी मुलाला सांगून सुधारणेची सगळी स्वयंचलित साधने बंद करवली. मी कॅमेऱ्यासोबत नेलेली, रंग ताडून पाहण्याची राखाडी पट्टी त्यांनी उजेडात धरली, तीच पट्टी छायाचित्रात टाकून तिचा नमुना कापडावर काढला, आणि छापलेली पट्टी खऱ्या पट्टीच्या जवळ येईपर्यंत आणखी तीन तुकडे छापले. त्या तुकड्यांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. चौथ्या तुकड्यावर शिशाचा राखाडी रंग जमला. पूर्ण जमला असे म्हणणार नाही, कारण गडद राखाडीत हिरवटपणाचा एक कण उरला होताच. पण पॉलिएस्टरवर त्याहून जवळ जाता येणार नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि ते खोटी आशा दाखवत नाहीत हे मला बरे वाटले.

बारीक तपशिलाविषयी मात्र आधीच सावध करायला हवे. डॉल्फिनची ओळख पटवण्यासाठी आम्ही पाठीवरच्या पराच्या कडेवरील खाचा, ओरखडे आणि वण वापरतो; एकेका प्राण्याची खाच वेगळी असते आणि वर्षानुवर्षे टिकते. माझ्या पोस्टरच्या एका पट्ट्यात अशा परांची लहान छायाचित्रे ओळीने लावली होती. सॅटिनच्या, म्हणजे या पॉलिएस्टर कापडाच्या विणीत फार बारीक रेषा विरघळतात, त्यामुळे तळहातापेक्षा लहान ठेवलेल्या चित्रांत खाचा नीट दिसेनात. काकांनीच ती चित्रे संख्येने कमी करून मोठी करायला सांगितले. अक्षरांचेही तसेच. संदर्भांसाठी मी वापरलेला १६ पॉइंटचा टंक कापडावर पुसट झाला, २४ च्या खाली जाऊ नये हे माझे आताचे मत आहे. उष्णतेने कापड किंचित आकसते, हेही लक्षात ठेवावे. माझे तयार पोस्टर मोजले तेव्हा उंचीला साधारण एक टक्का कमी भरले. चित्रातील अंतर दाखवणारी मोजपट्टी चित्राबरोबरच आकसत असल्याने त्याने काही बिघडत नाही, पण कडेला लागून मजकूर ठेवला तर शिवणीत जातो.

एका बाबतीत या दुकानाने मला लाज वाटण्यापासून वाचवले. ज्या मच्छीमारांच्या होडीतून मी चार वर्षे फिरले, त्यांचे आभार मी गुजरातीत मानले होते. इंग्रजी पोस्टरच्या तळाशी त्यांच्या लिपीत दोन ओळी असाव्यात, अशी माझी इच्छा होती. दुकानात फाइल कोरल या चित्रांच्या संगणक-प्रणालीत उघडली की भारतीय लिपींची जोडाक्षरे सुटी पडतात, हा सर्वांचा अनुभव आहे, आणि म्हणून "अक्षरं कर्व्ह करून आणा", म्हणजे अक्षरांचे रेषाचित्र करून आणा, हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येते. मी तसे करून नेले होते. तरीही संगणकावरच्या त्या मुलाने, ज्याने आधी पाणी निळे केले होते, दुसऱ्या ओळीतली वेलांटीची चूक दाखवून दिली. ती माझीच चूक होती. त्याने ती दुरुस्त करून दिली आणि वर विचारले, की ही होडीवाली माणसे हे पोस्टर कधी पाहणार. त्याचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते.

आता तक्रारीकडे वळते. मी फाइल सोमवारी, २१ ऑक्टोबरला दिली होती आणि काम शुक्रवारी मिळेल असे ठरले होते. नमुन्यांची भानगड बुधवारपर्यंत मिटली होती, म्हणजे उशिराला माझे नखरे कारण नव्हते. शुक्रवारी गेले तर दिवाळीचे फलक आधी घेतले होते. शनिवारी उष्णतेचे यंत्र बंद होते. सोमवारी दुकान उघडे होते, पण काका नव्हते आणि त्यांच्याशिवाय माझ्या कापडाला हात लावायचा नाही असे ते सांगून गेले होते. यावर हसावे की रडावे, हे कळेना. पोस्टर अखेर धनत्रयोदशीच्या दुपारी, २९ ऑक्टोबरला हातात पडले. हा उशीर साधा नव्हता. गुजरातेत दिवाळीला बंद झालेली दुकाने लाभपंचमीलाच उघडतात, आणि त्या वर्षी ती ६ नोव्हेंबरला होती. मला ८ तारखेच्या रात्री मुंबईची गाडी पकडायची होती आणि परिषद ११ तारखेला सुरू होत होती. धनत्रयोदशी हुकली असती तर चुकीचे निघालेले पोस्टर पुन्हा छापायला जेमतेम दोन दिवस उरले असते. काकांनी एकदा फोन करून सांगितले असते तरी मी तीन फेऱ्या वाचवल्या असत्या. सणाच्या तोंडावर काम देणाऱ्याने त्यांच्या वायद्यात चार दिवस मिळवून धरावेत.

पैशांचे म्हणाल तर व्यवहार स्वच्छ आहे. कापडाचा पन्हा छत्तीस इंचांचा असल्याने ए झीरोसाठी तीन फूट बाय चार फूट, म्हणजे बारा चौरस फुटांचा हिशेब लावतात, कडेचे उरलेले कापड आपलेच. माझ्याकडून चौरस फुटाला ९० रुपयांप्रमाणे १०८० रुपये घेतले आणि चारी बाजूंची शिवण व वर-खाली काठी घालण्याची खोळ यांचे १२० रुपये. त्यावर कर वेगळा. फ्लेक्सच्या तुलनेत हे कितीतरी पट महाग आहे. पण पर्थला पोहोचून तेथे छापून घ्यायचे म्हटले, तर डॉलरमधला आकडा पाहून मी तो विचार त्याच क्षणी सोडला होता. उरलेल्या कापडाचा तुकडा मी चष्मा पुसायला वापरते आहे.

प्रवासात पोस्टर उत्तम राहिले. पातळ टॉवेलएवढी घडी झाली, वजन नगण्य होते, आणि विमानतळांवर कोणी काही विचारले नाही. पर्थच्या विमानतळावर जैवसुरक्षेची तपासणी कडक असते आणि खाण्याचे पदार्थ, बुटांना लागलेली माती, प्राण्यांपासून बनलेल्या वस्तू हे सगळे अर्जावर लिहावे लागते. मी चिवड्याचे बंद पाकीट आणि आखातात वापरलेले बूट प्रामाणिकपणे लिहिले. अधिकाऱ्याने चिवड्याकडे पाहिलेही नाही, बुटांचे तळवे मात्र उलटे करून नीट पाहिले. ते मी घरी ब्रशने घासून नेले होते. चुरगळलेले कापड सरळ करण्यासाठी काकांनी सांगितल्याप्रमाणे मागच्या बाजूने, अगदी मंद इस्त्री फिरवली. इस्त्री गरम ठेवू नये, कारण ज्या उष्णतेने रंग आत गेला त्याच उष्णतेने तो पुन्हा हलू शकतो.

फळ्यावर लावल्यावर कापडाचा मोठा दोष उघडा पडला. फळा गडद राखाडी होता आणि सॅटिन पातळ, त्यामुळे पोस्टरचे सगळे पांढरे भाग मळके दिसू लागले. कापडाचा पांढरेपणा हाच या छपाईतला पांढरा, हे मला माहीत होते. पण मागे काय आहे ते त्यातून झिरपेल, हे माझ्या लक्षात आले नव्हते आणि काकांनीही सांगितले नव्हते. शेजारच्या एका मुलीने तिच्याकडचे कोरे कागद दिले, ते मागे चिकटवून मी वेळ निभावली. वरच्या दोन कोपऱ्यांत टाचण्या लावल्यावर मधला भाग सैल पडून झोळ आला, आणि त्या झोळावर नेमका क्यूआर संकेत आला होता, जो पहिल्या दोघांच्या फोनला वाचताच आला नाही. खालच्या खोळीत एक काठी घालून वजन दिले तेव्हा कापड ताणले गेले आणि मग तो वाचता येऊ लागला. खोळ शिवून घ्यायला १२० रुपये फार वाटत होते. आता वाटत नाहीत.

दोष एवढेच. ज्यासाठी तीन तुकडे वाया घालवले होते, ते मात्र फळाला आले. उत्तर ऑस्ट्रेलियात याच गटावर काम करणारे एक संशोधक छायाचित्रासमोर थांबले, आणि त्यांनी पहिला प्रश्न निबंधाचा नव्हे, रंगाचा विचारला: कातडीचा हा राखाडीपणा छपाईचा आहे की प्राण्याचा. मी प्राण्याचा म्हणाले. त्यांच्या डॉल्फिनला वशिंड नसते, पर बुटका आणि पायथ्याशी रुंद असतो, आणि पाठीवरचा गडद रंग तिरप्या रेषेत पोटाकडच्या फिक्या रंगापासून वेगळा होतो. त्यांनी ही रेषा माझ्या छायाचित्रावर बोट न लावता हवेतच काढून दाखवली आणि आमच्याकडे ती का दिसत नाही यावर आम्ही बराच वेळ बोललो. माझ्या पोस्टरच्या वेळेतले सर्वांत लांब संभाषण तेच झाले. दुसऱ्या एका बाईंनी विचारले, की पाणी खरोखर असेच असते का. त्या नेहमी स्वच्छ पाण्यात काम करत असाव्यात. पोस्टरच्या जागेपासून चालत गेले की स्वान नदी लागते आणि तिच्या मुखाकडच्या पट्ट्यात बाटलीनाक्या डॉल्फिनचा कायमचा वावर आहे. मला दिसले नाहीत, पण त्या नदीचे पाणीही काही निळे नव्हते.

एक सूचना ज्यांना हे काम करून घ्यायचे आहे त्यांच्यासाठी, कारण रंग बदलण्याची चूक दुकानाची असते तितकीच गिऱ्हाइकाचीही असते. आलेखांत आणि ध्वनीच्या आकृत्यांत रंग हेच मोजमाप असते. निळ्यापासून पिवळ्यापर्यंत चढत जाणारी छटा म्हणजे आवाजाची तीव्रता, आणि छापणाऱ्याने ती जरा "उठावदार" केली की मंद आवाजही मोठा दिसतो. हे त्याला कळावे अशी अपेक्षा चुकीची आहे. फाइल देताना कागदावर लिहून द्यावे की रंगाला हात लावायचा नाही, आणि सोबत रंगांची एक छापील पट्टी द्यावी. मी पहिल्याच दिवशी हे केले असते तर निळ्या पाण्याचा प्रसंग घडलाच नसता. ललित कलेच्या मुलांचे रंग खुलवून देण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी माझेही खुलवले, एवढेच.

परत आल्यावर मी पोस्टर घेऊन दुकानात गेले. झोळाचे आणि मळक्या पांढऱ्याचे फोनवरचे फोटो काकांना दाखवले. त्यांनी सबब सांगितली नाही. वरची शिवण उसवून त्यात आतून कडक पट्टी घालून दिली आणि तिचे पैसे घेतले नाहीत. मग मागच्या खोलीतून कापडाचा दुसरा तागा आणला, ज्याच्या पाठीला काळा थर आहे आणि ज्यातून उजेड जात नाही. हा आधी का दाखवला नाही, असे मी विचारले. "तुम्ही घडी घालायचं म्हणालात. याची घडी जाड होते, पण होते," काका म्हणाले. या कापडाचा दर तेव्हा चौरस फुटाला १५ रुपये जास्त होता. पोस्टर आता आखाताच्या काठावरच्या त्या मच्छीमारांच्या गावी, होड्यांच्या डिझेलचा हिशेब जेथे ठेवतात त्या खोलीत टांगलेले आहे, आणि गुजराती ओळी वाचता याव्यात म्हणून त्यांनी ते बरेच खाली लावले आहे.